ठशामागचे हात

(चांदीच्या वस्तूवर एक लहानसा ठसा असतो. हा ठसा वाचता आला, तर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांची माहिती मिळते. इंग्लंडमधील काही स्त्रियांनी चांदीच्या धंद्यात मोठे काम केले होते. त्यांचा शोध अभ्यासकांनी कसा घेतला आणि त्या शोधातून आपण काय शिकावे, हे या पाठात सांगितले आहे.)

ईद चार दिवसांवर आली होती. नववीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने धाकट्या बहिणीसाठी घेतलेली चांदीची पैंजणे मैत्रिणींना दाखवायला आणली होती. मी वर्गात आलो तेव्हा सगळ्या मुली त्या पैंजणांभोवती गोळा झाल्या होत्या. मला पाहताच त्या आपापल्या जागी पळाल्या.

मी रागावलो नाही. उलट, विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून भिंग मागवले आणि पैंजणाची कडी सर्वांना दाखवली. कडीजवळ अगदी बारीक ठसा होता. त्यात एक त्रिकोणी खूण होती आणि शेजारी ९२५ हा आकडा होता.

"सर, हे काय आहे?" मुलीने विचारले.

"हा हॉलमार्क," मी म्हणालो. "त्रिकोणी खूण भारतीय मानक ब्युरोची आहे. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी. आपल्या देशात चांदीच्या दागिन्यांना हा हॉलमार्क २००५ सालापासून मिळू लागला."

"मग ज्याने हे पैंजण बनवले, त्याचेही नाव यावर असते का?"

मी उत्तर देणार, इतक्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती फार कमी बोलत असे. ती म्हणाली, "सर, माझी अम्मी घरी बसून पैंजणांना घुंगरू जोडते. तिचे नाव कुठे असते?"

वर्ग एकदम शांत झाला. आमची शाळा कोल्हापूर जिल्ह्यातील आहे. जवळचे हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. या भागातील कितीतरी घरांत स्त्रिया कड्या जोडण्याचे आणि घुंगरू लावण्याचे काम करतात. त्यामुळे तो प्रश्न एकट्या मुलीचा नव्हता.

मला त्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता आले नाही. पण जवळजवळ असाच प्रश्न लंडनमधील जुन्या चांदीचा अभ्यास करणाऱ्यांनाही पडला होता. त्यांनी उत्तर कसे शोधले, ते मी मुलींना सांगितले. तेच येथे लिहीत आहे.

शुद्ध चांदी फार मऊ असते. भांडे टिकाऊ व्हावे म्हणून तिच्यात थोडे तांबे मिसळावे लागते. परंतु तांबे किती मिसळले, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक फसण्याची भीती असते. ही फसवणूक थांबावी म्हणून इंग्लंडमध्ये १३०० साली कायदा झाला. चांदीची वस्तू आधी तपासायची आणि ती कसाला उतरली तरच तिच्यावर बिबट्याच्या तोंडाचा ठसा मारायचा, असे ठरले. १३६३ साली दुसरा नियम झाला. प्रत्येक कारागिराने आपली स्वतःची खूण वस्तूवर उमटवावी, असा तो नियम होता. पुढे १४७८ पासून वर्ष दाखवणारे अक्षर आणि १५४४ पासून चालत्या सिंहाचे चित्र या ठशांची भर पडली. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. आमच्या वर्गातल्या पैंजणावरचा आकडाही तोच होता!

लंडनमध्ये सोनारांच्या संघाची मोठी इमारत आहे. तिचे नाव गोल्डस्मिथ्स हॉल. वस्तू तपासण्यासाठी या हॉलमध्ये न्यावी लागे. हॉलमध्ये मिळालेली खूण म्हणून तिला 'हॉलमार्क' हे नाव पडले. ज्याला आपल्या नावाची खूण वापरायची असेल, त्याने आधी हॉलमधील नोंदवहीत आपले नाव, पत्ता आणि खूण नोंदवायची असे. यांतील अनेक नोंदवह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत, तर काही हरवल्या आहेत.

आता समजा, तुमच्या हातात एक जुना चमचा आला. त्याच्या मागे पाच ठसे आहेत. सिंह सांगतो की चांदी खरी आहे. बिबट्याचे तोंड सांगते की तपासणी लंडनला झाली. वर्षाचे अक्षर साल सांगते. राजाचे मस्तक असेल, तर वस्तूवर कर भरला आहे. हा ठसा १७८४ साली सुरू झाला. पाचवा ठसा म्हणजे कारागिराची आद्याक्षरे. ती अक्षरे घेऊन नोंदवही उघडायची आणि नाव शोधायचे. अभ्यासकांनी असेच केले. तेव्हा त्यांना पुरुषांच्या नावांबरोबर स्त्रियांचीही नावे दिसली.

यात आश्चर्य वाटावे असे काय आहे? त्या काळचा इंग्लंडचा कायदा पाहिला म्हणजे कळते. लग्न झालेल्या स्त्रीला स्वतःची मालमत्ता ठेवता येत नसे. तिची कमाईही पतीची मानली जाई. हा कायदा १८७० साली थोडा आणि १८८२ साली पुष्कळ बदलला. त्याआधी पती जिवंत असेपर्यंत दुकान त्याचे आणि ठसाही त्याचा. पती वारला म्हणजे मात्र विधवेला धंदा पुढे चालवता येई. मग ती हॉलमध्ये जाऊन आपल्या नावाची खूण नोंदवी. कित्येक विधवांची खूण शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत असे. उर्दूत आपण ज्याला शक्करपारा म्हणतो, तोच हा आकार. ती चौकट दिसली, की ठसा स्त्रीचा असावा अशी शंका अभ्यासकांना येते. परंतु सर्वच स्त्रियांनी ती वापरली नाही. म्हणून केवळ आकारावर विसंबून चालत नाही. नोंदवही पाहावीच लागते.

या स्त्रियांत सर्वांत प्रसिद्ध नाव हेस्टर बेटमन यांचे आहे. त्यांचा जन्म १७०८ साली लंडनमध्ये झाला. शाळेचे शिक्षण त्यांना जवळजवळ मिळालेच नाही. १७३२ साली त्यांचे लग्न जॉन बेटमन यांच्याशी झाले. जॉन सोन्याच्या साखळ्या बनवत. बनहिल रो नावाच्या रस्त्यावर त्यांचे घर होते. राहणे आणि काम दोन्ही तेथेच चाले. १७६० साली जॉन क्षयरोगाने वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपली हत्यारे पत्नीला दिली होती.

अभ्यासकांच्या दृष्टीने हा लहानसा पुरावा फार महत्त्वाचा आहे. ज्याला कामाची माहिती नाही, त्याला कोणी हत्यारे देऊन जात नाही. म्हणजे हेस्टर यांना पतीच्या हयातीतच हे काम ठाऊक असावे, असा अंदाज करता येतो. परंतु त्या काळातील कोणत्याही वस्तूवर त्यांची खूण नाही.

१६ एप्रिल १७६१ रोजी हेस्टर यांनी गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आपली खूण नोंदवली. आपल्या नाव-आडनावाची पहिली इंग्रजी अक्षरे, एच आणि बी, त्यांनी वळणदार अक्षरांत निवडली. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. मुलांना हाताशी घेऊन त्यांनी धंदा वाढवला. चमचे, साखरेचे चिमटे, मिठाच्या वाट्या, दुधाची भांडी, चहाच्या किटल्या अशा रोजच्या वापरातील वस्तू त्यांच्या कारखान्यात तयार होत. यंत्राच्या रुळांतून दाबून काढलेला चांदीचा पातळ पत्रा त्या वापरत. त्यामुळे चांदी कमी लागे आणि वस्तू स्वस्त पडे. काठावर मण्यांची बारीक ओळ आणि अंगावर चमकदार कोरीव नक्षी, ही त्यांच्या मालाची ओळख झाली. जी कुटुंबे फार श्रीमंत नव्हती, त्यांनाही आता चांदीची किटली घेता येऊ लागली. १७९० साली हेस्टर यांनी काम सोडले आणि १७९४ साली त्यांचे निधन झाले. धंदा मात्र बंद पडला नाही. पीटर आणि जोनाथन या मुलांनी तो पुढे नेला. १७९१ साली जोनाथन वारले, तेव्हा त्यांची पत्नी ॲन यांनी दीर पीटर यांच्याबरोबर आपली खूण नोंदवली. सासूनंतर सून!

हेस्टर एकट्याच नव्हत्या. लुईझा कोर्टोल्ड यांचा जन्म १७२९ साली फ्रान्समध्ये झाला. तेथे प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांचा छळ होत असे. त्यामुळे त्यांचे कुटुंब लंडनला आले. त्यांचे पती सॅम्युएल सोनार होते. १७६५ साली ते वारले आणि दुकानाची जबाबदारी लुईझा यांच्यावर आली. काही वर्षे त्यांनी एकट्याने, नंतर जॉर्ज काउल्स या भागीदाराबरोबर आणि शेवटी मुलाबरोबर धंदा केला. एलायझा गॉडफ्री यांच्यावर तर दोनदा वैधव्य आले. त्यांचे वडील सोनार आणि दोन्ही पतीही सोनार. १७३१ साली पहिले पती वारले, तेव्हा त्यांनी खूण नोंदवली. १७४१ साली दुसरे पती वारले, तेव्हा पुन्हा नोंदवली. राजपुत्र असलेले कंबरलँडचे ड्यूक त्यांचे गिऱ्हाईक होते. दुकानाच्या छापील पत्रकावर त्यांनी ही गोष्ट अभिमानाने सांगितली होती.

अशा माहितीमुळे विसाव्या शतकात लोकांचे कुतूहल वाढले. स्त्रीची खूण असलेल्या चांदीला मोठी किंमत येऊ लागली. १९८७ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात केवळ स्त्री-कलावंतांच्या कामासाठी एक संग्रहालय सुरू झाले. त्यात इंग्लंड आणि आयर्लंडमधील या स्त्रियांची चांदीही ठेवलेली आहे.

येथपर्यंत मुली आनंदाने ऐकत होत्या. मग मी त्यांना विचारले, "हेस्टर यांच्या ठशाची एक किटली आपल्याला मिळाली. ती हेस्टर यांनीच हातोडीने घडवली, असे आपण म्हणू शकतो का?"

"हो सर!" सगळ्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो. "तशी चूक अनेक संग्राहकांनीही केली होती."

हेस्टर यांचा ठसा असलेल्या वस्तू फार मोठ्या संख्येने आढळतात. एवढे काम एका माणसाच्या हातून होणे शक्य नाही. त्यांच्याकडे मुले होती, सून होती, कारागीर होते, शिकाऊ मुले होती. पत्रा कोणी कापला, नळी कोणी जोडली, नक्षी कोणी कोरली, हे ठसा सांगत नाही. ठसा एवढेच सांगतो की, ही वस्तू तपासणीला पाठवणारी आणि तिच्याबद्दल जबाब देणारी व्यक्ती कोण. म्हणूनच इंग्लंडमध्ये आता या खुणेला कारागिराची खूण न म्हणता जबाबदार व्यक्तीची खूण म्हणतात.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. १७६१ ते १७७४ या काळातील हेस्टर यांच्या ठशाच्या वस्तू फारच थोड्या सापडतात. मग ही तेरा वर्षे त्या रिकाम्या बसल्या होत्या का? मुळीच नाही. त्या काळात त्या बहुतेक काम दुसऱ्या व्यापाऱ्यांसाठी करत होत्या, असे अभ्यासक सांगतात. व्यापारी त्या मालावर आपला ठसा मारत. म्हणजे आधी हेस्टर यांचे काम दुसऱ्यांच्या नावाखाली गेले आणि पुढे दुसऱ्यांचे काम हेस्टर यांच्या नावाखाली आले!

मग हेस्टर यांचे मोठेपण कमी होते का? मला तसे वाटत नाही. कच्चा माल घेणे, कारागिरांना मजुरी देणे, उधारी वसूल करणे, नवे यंत्र वापरायचे की नाही हे ठरवणे, आणि चांदी कमी भरली तर त्याचा दोष स्वतःवर घेणे, ही सारी जबाबदारी त्यांनी तीस वर्षे सांभाळली. ज्या बाईला शाळा मिळाली नाही, तिने एवढा कारखाना चालवला. खरे मोठेपण सांगायला खोट्या गोष्टीची गरज नसते.

परंतु ज्या स्त्रियांची खूण कोठेच नाही, त्यांचे काय? चांदीची वस्तू हातोडीखालून निघते तेव्हा ती मळकट आणि खरबरीत असते. तिला घासून ओप द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये ओप देण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करत. शेफील्ड हे शहर चमचे आणि सुऱ्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथील कारखान्यांत एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत मुली दिवसभर फिरत्या चाकावर चमचे घासत. वाळू आणि तेल यांनी त्यांचे तोंड काळे होई. कपडे खराब होऊ नयेत म्हणून त्या अंगाला तपकिरी कागद गुंडाळत आणि डोक्याला रुमाल बांधत. गिऱ्हाइकाला चमच्यात आपले तोंड दिसे ते या मुलींच्या मेहनतीमुळे. पण चमच्यावर त्यांचे एक अक्षरही नसे.

अशा स्त्रियांचा शोध ठशावरून लागत नाही. त्यासाठी अभ्यासक दुसरे कागद पाहतात. मृत्युपत्रे, मजुरीच्या वह्या, विम्याचे कागद, शिकाऊ मुलामुलींचे करार, जनगणनेची पाने आणि जुनी छायाचित्रे यांतून एकेक नाव हाती लागते. काम जिकिरीचे असते. कधी नुसते वय आणि कामाचे नाव मिळते, माणसाचे नाव मिळत नाही. तरीही जे मिळते तेवढेच लिहायचे आणि जे मिळत नाही ते मनाने रचायचे नाही, हा संशोधनाचा पहिला नियम आहे.

गोष्ट संपली. शेवटच्या बाकावरची मुलगी अजून माझ्याकडेच पाहत होती. मी तिला म्हणालो, "बेटी, तुझ्या अम्मीचे नाव पैंजणावर नसते. हॉलमार्क चांदीची हमी देतो, मेहनतीची नोंद ठेवत नाही. नोंद माणसाने ठेवावी लागते. हेस्टर यांची हकिकत आपल्याला कळली, कारण कोणीतरी वही लिहिली आणि कोणीतरी ती जपली. आपणही एक वही करू या."

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही आणली. वर्गात ठरले की, प्रत्येकीने आपल्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एका काम करणाऱ्या स्त्रीला भेटायचे. ती कोणते काम करते, कोणाकडून शिकली, कोणती हत्यारे वापरते, दिवसाचे किती तास काम करते, हे विचारायचे. तिची परवानगी घ्यायची आणि ती सांगेल तेच लिहायचे. वाढवून लिहायचे नाही आणि काही गाळायचेही नाही.

ईदच्या सुट्टीनंतर वही भरू लागली. कोणी भरतकाम करणाऱ्या खालाबद्दल लिहिले, कोणी बांगड्या विकणाऱ्या दादीबद्दल लिहिले. पण पहिले पान आम्ही त्या मुलीसाठी राखून ठेवले होते. तिने सुंदर अक्षरांत आईचे नाव लिहिले. खाली लिहिले होते, 'काम: पैंजणांना घुंगरू जोडणे. हत्यारे: चिमटा आणि बारीक पक्कड. कोणाकडून शिकली: नानीकडून.'

आणि त्याखाली शेवटची ओळ होती, 'नानी कोणाकडून शिकली, ते अम्मीला ठाऊक नाही. मी नानीला पत्र लिहून विचारणार आहे.'

शब्दार्थ

ठसा – छाप, मोहोर
पैंजण – पायात घालायचा दागिना, पायल
कसाला उतरणे – परीक्षेत खरे ठरणे
हमी – खात्री, जमानत
नोंदवही – माहिती लिहून ठेवण्याची वही, रजिस्टर
आद्याक्षर – नावाचे पहिले अक्षर
मालमत्ता – संपत्ती, जायदाद
मृत्युपत्र – वसीयतनामा
पुरावा – सबूत
हयातीत – जिवंत असताना, जिंदगीत
वैधव्य – पती वारल्यानंतरची स्थिती
ओप देणे – घासून चमक आणणे
जिकिरीचे – त्रासाचे, कटकटीचे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'हॉलमार्क' हे नाव कशावरून पडले?
(आ) हेस्टर बेटमन यांनी आपली खूण केव्हा नोंदवली?
(इ) विधवांची खूण कोणत्या आकाराच्या चौकटीत असे?
(ई) शेफील्डमधील मुली कोणते काम करत?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जॉन बेटमन यांच्या मृत्युपत्रावरून अभ्यासकांनी कोणता अंदाज केला?
(आ) १७६१ ते १७७४ या काळातील हेस्टर यांच्या ठशाच्या वस्तू कमी का सापडतात?
(इ) ठशावरून कारागिराचे नाव नक्की का सांगता येत नाही?

प्र. ३. 'खरे मोठेपण सांगायला खोट्या गोष्टीची गरज नसते.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे आपल्या शब्दांत लिहा.

प्र. ४. वचन बदला.
ठसा, वही, चमचा, किटली, चिमटा

प्र. ५. वाक्यात उपयोग करा.
हाताशी घेणे, कसाला उतरणे, विसंबून राहणे

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एका काम करणाऱ्या स्त्रीला भेटा. तिच्या परवानगीने तिच्या कामाची माहिती मराठीत दहा ओळींत लिहा.